बरकत नावाचा नाशिककर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझे अब्बा पिंजारी होते. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, लग्नसराईच्या आधी घरोघर हिंडायचं. सायकलला धुनकी बांधून ते जुन्या नाशकातून निघायचे आणि शाळेला सुट्टी असली की मागे कॅरिअरवर मी. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं होती. एकदा परतताना मी विचारलं, शरणपूर म्हणजे काय? शरण आलेल्यांचं गाव, अब्बा म्हणाले. कोण शरण आलं होतं? अब्बांनी थोडा वेळ पेडल मारलं आणि म्हणाले, हबशी आले होते म्हणतात, समुद्रावरून.

नाशकात समुद्र कुठला? मी ते अब्बांच्या इतर गोष्टींबरोबर सोडून दिलं. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला. त्यात पानिपत होतं, व्हिएन्नाची परिषद होती; शरणपूर नव्हतं. अब्बांचं वाक्य खरं होतं हे कळायला माझी चाळिशी उलटावी लागली.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेचे लोक नाशकात १८३२ पासून होते. त्यांच्यातले रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये गावाबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिचं नाव शरणपूर. धर्मांतर केल्यामुळं घरादाराला मुकलेल्यांना, अनाथ मुलांना तिथं आसरा मिळे. शाळा होती, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले जात. काही वर्षांतच तिथं आफ्रिकेतली मुलं येऊ लागली.

ती नाशकात कशी पोचली, हे समजून घेण्यासारखं आहे. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून, न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून माणसं पकडून किनाऱ्यावर आणली जात. किल्वा आणि झांझिबार हे मोठे बाजार. तिथून गलबतांनी अरबस्तान, इराणचं आखात. ब्रिटिश आरमार समुद्रात ही गलबतं अडवायचं आणि गुलामांना सोडवायचं. पण सोडवलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला पोचवायचं कुठं? त्याचं गाव जळालेलं, आईबाप कुठं विकले गेले ठाऊक नाही. मग जहाज मुंबईला येई आणि मुलं मिशनच्या ताब्यात दिली जात. त्यातली बरीचशी नाशकात आली.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. ती गलबतं माझ्या धर्माच्या माणसांची होती. झांझिबारचा सुलतान मुसलमान, किनाऱ्यावरचे बहुतेक गुलाममालक मुसलमान. आमच्या घरात हजरत बिलाल यांचं नाव फार प्रेमानं घेतलं जायचं: हबशी गुलाम, मालकाच्या छळाला न बधलेले, इस्लामचे पहिले बांगी. गुलामाला मुक्त करणं हे मोठं पुण्य, हेही आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आणि पाच वेळा नमाज पढणारी माणसं त्याच हबशांचा बाजार मांडून बसली होती. या व्यापारात भांडवल अडकलेलं होतं ते कच्छी पेढ्यांचं, हिंदूंच्याही आणि मुसलमानांच्याही. तेव्हा ख्रिस्ती मिशनऱ्यांकडं बोट दाखवण्याआधी आपले हात जरा धुऊन घ्यावेत.

शरणपूरला आल्यावर मुलांचा बाप्तिस्मा व्हायचा आणि नवी नावं मिळायची. आडनावं बहुधा इंग्लंडातल्या देणगीदारांची किंवा मिशनऱ्यांची. एक झाला सायमन प्राइस, एक रिचर्ड आयझेनबर्ग. जुनी नावं गेली. पण कवी असल्यामुळं मी नावांची यादी जरा हावरटपणानं वाचतो, तेव्हा एक नाव डोळ्यांत भरलं: अल्बर्ट बरका. बरका म्हणजे आपली बरकत. दुसरा एक नॅथॅनिएल कुंबा, त्याला मबरुकी म्हणत, म्हणजे मुबारक. बरकत आणि मुबारक! माझ्या मोहल्ल्यात आज हाक मारली तर दोन-तीन जण वळून बघतील. वाढीची वर्षं नाशकात गेलेल्या या पोरांच्या कानावर मराठी पडलीच नसेल, हे मला पटत नाही. गोदावरीला पूर आला की तेही बघायला धावले असतील.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला. आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी त्याला माणसं हवी होती. शरणपूरच्या नऊ तरुणांनी जायची तयारी दाखवली. बरका आणि मबरुकी त्यांतलेच. त्याच्या लेखी ही ‘नाशिकची पोरं’. दैनंदिनीत तो कधी त्यांचं कौतुक करतो, कधी त्यांच्यावर चिडतो. पुढे १८७२ मध्ये नाशकात शिकलेले आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले. त्यात जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या माणसांनी काळीज काढून एका झाडाखाली पुरलं. प्रेत मिठात आणि उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं आणि हजार मैलांहून जास्त वाट तुडवत नऊ महिन्यांनी समुद्रकाठी आणून पोचवलं. काळीज पुरलं त्या वेळी प्रार्थना म्हटली जेकबनं, कारण त्याला इंग्रजी प्रार्थना वाचता येत होती. ती तो नाशकात शिकला होता. झाडाच्या बुंध्यावर त्यानं लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं, तारीख कोरली, टोळीतल्या तीन प्रमुखांची नावं कोरली. स्वतःचं कोरलं नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिककर होता. त्यानं लिहिलेली दैनंदिनी आता संगणकावर कुणालाही वाचता येते. पुढे तो आफ्रिकेच्या आतल्या भागात १८९२ मध्ये मरण पावला.

या सगळ्या मुलांच्या डोक्यावर सरकारी हात होता तो सर बार्टल फ्रिअर यांचा. मला आज खरं बोलायचं आहे ते या माणसाबद्दल.

मराठी माणसाला फ्रिअर परका नाही. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळं केलं ते हा गव्हर्नर असताना. हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन मुळात याच्या सन्मानार्थ बांधलं गेलं होतं. नाव ऐन वेळी बदललं. याची मुलगी मेरी. तिनं आपल्या आयेकडून, ॲना लिबराटा डिसूझाकडून, दख्खनच्या लोककथा ऐकून लिहून घेतल्या, १८६८ मध्ये छापल्या आणि आयेची स्वतःची कहाणीही पुस्तकात घातली. नोकराणीची हकिगत पुस्तकात छापणारं घर त्या काळी विरळाच. लिव्हिंगस्टन मुंबईत याच फ्रिअरचा पाहुणा होता. माणूस भाविक ख्रिस्ती, अभ्यासू, गोड बोलणारा. कुणालाही आवडावा असा.

पण याची सुरुवातीची एक गोष्ट साताऱ्याची आहे. १८४७ मध्ये फ्रिअर साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होता. पुढच्या वर्षी छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. दत्तक मान्य करावा, असं फ्रिअरनं सरकारला लिहिलं. त्याला ते न्यायाचं वाटत होतं. डलहौसीनं ऐकलं नाही, राज्य खालसा केलं. मग फ्रिअरनं काय केलं? खालसा झालेल्या मुलखाचा पहिला कमिशनर म्हणून तोच खुर्चीत बसला. कारभार चांगला केला म्हणतात. केलाही असेल. पण ज्याला अन्याय म्हणालो त्याच अन्यायाचा कारभार चांगला करून दाखवणं, ही सवय माणसाला एकदा लागली की कुठं नेते?

मधला काळ झपाट्यानं सांगतो. १८६२ ते १८६७ मुंबईची गव्हर्नरी. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, इकडच्या खानदेशी-वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव. (आमच्या पिंजाऱ्यांचे तेव्हा काय हाल झाले असतील!) त्या पैशावर मुंबई फुगली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुटली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, आणि गव्हर्नरानं वेळीच आवरलं नाही म्हणून फ्रिअरवर ठपका आला. मग तो इंग्लंडला गेला.

१८७२ मध्ये इंग्रज सरकारनं त्याला झांझिबारला पाठवलं. सुलतान बरघशला गुलामांचा बाजार बंद करायला लावायचं होतं. सुलतान आधी कबूल होईना. फ्रिअर परतल्यावर, आरमारी नाकेबंदीचा धाक घातल्यावर ५ जून १८७३ ला त्यानं तहावर सही केली आणि बाजार बंद झाला. याच दौऱ्यात फ्रिअरच्या मनात आलं, की सोडवलेल्या गुलामांची वसाहत आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर हवी आणि ती चालवायला नाशकात शिकलेले आफ्रिकन हवेत. मिशनऱ्यांनी पूर्व आफ्रिकेत काय करावं यावर त्यानं १८७४ मध्ये पुस्तकही लिहिलं. त्याप्रमाणं प्राइससाहेब नाशिक सोडून मोंबासाला गेले, १८७५ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर वसाहत उभी राहिली आणि शरणपूरचे आफ्रिकन बायकामुलांसह तिकडं गेले. गावाचं नाव ठेवलं फ्रिअर टाउन.

इथवर थांबलो तर ही संतचरित्राची गोष्ट होते.

१८७७ मध्ये फ्रिअर दक्षिण आफ्रिकेचा हाय कमिशनर झाला. तिथल्या गोऱ्यांच्या वसाहती एका छत्राखाली आणायच्या होत्या आणि मध्ये स्वतंत्र झुलू राज्य होतं. राजा सेत्शवायो. झुलू आणि बोअर शेतकऱ्यांमध्ये सीमेचा जुना तंटा होता. इंग्रजांनीच नेमलेल्या आयोगानं १८७८ च्या मध्यावर निवाडा दिला, तो बहुतांशी झुलूंच्या बाजूनं. फ्रिअरनं तो वाचला आणि दाबून ठेवला. ११ डिसेंबर १८७८ रोजी तुगेला नदीकाठी झुलू प्रतिनिधींना बोलावून तो जाहीर केला, आणि त्याच दिवशी, त्याच जागी, निर्वाणीचा खलिता त्यांच्या हातात ठेवला. सैन्यव्यवस्था मोडा, इंग्रज रेसिडेंट ठेवून घ्या, मिशनऱ्यांना परत येऊ द्या. मुदत तीस दिवस.

रेसिडेंट हा शब्द ऐकून सातारकरांना काही आठवेल.

लंडनहून बजावलं जात होतं की युद्ध नको. पण तेव्हा केपपर्यंत तारेची केबल पोचलेली नव्हती. पत्राला कित्येक आठवडे लागत. ते अंतर फ्रिअरनं आपल्या सोयीसाठी वापरलं. ११ जानेवारी १८७९ ला इंग्रज फौज झुलू मुलखात घुसली. २२ जानेवारीला इसांडल्वानाच्या डोंगराखाली भालाईतांनी इंग्रजांच्या छावणीतले तेराशेहून अधिक लोक मारले. मग लंडनलाही सूड हवासा झाला. जुलैत राजधानी उलुंडी जाळली गेली, ऑगस्टमध्ये राजा पकडला गेला. हजारो झुलू मेले. फ्रिअरला सरकारनं जाहीर समज दिली, पण जागेवर ठेवलं. परत बोलावलं ते १८८० मध्ये, ग्लॅडस्टन पंतप्रधान झाल्यावर.

साताऱ्यात तरुण फ्रिअरनं न्यायाचं टिपण लिहिलं आणि वरिष्ठांनी ते बाजूला सारलं. तीस वर्षांनी न्यायाचं टिपण दुसऱ्यांनी लिहिलं आणि बाजूला सारणारा फ्रिअर होता. तो ढोंगी होता का? मला तसं वाटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला छळतं. साखळदंडातल्या पोराबद्दलची त्याची कळकळ खरी होती. पण ती कळकळ गुडघ्यावर बसलेल्या माणसासाठी होती. स्वतःची जमीन, स्वतःची फौज आणि स्वतःचा देव असलेला काळा राजा ताठ उभा राहून बोलू लागला, की तीच कळकळ त्याला सुधारायला तोफा घेऊन निघे. आपल्याकडं देवत्व आहे आणि म्हणून अधिकार आहे, असं मानणारा राज्यकर्ता कुठल्याही धर्माचा असो, त्याच्या दयेपासून जरा लांब उभं राहावं.

त्या वेळी दुसरा एक ख्रिस्ती माणूस गप्प बसला नाही, हेही सांगायला हवं. नाताळ वसाहतीचे बिशप जॉन कोलेन्सो. जुन्या करारातल्या गोष्टी अक्षरशः खऱ्या का, असं त्यांच्या झुलू सहकाऱ्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. अभ्यास केला, पुस्तक लिहिलं आणि चर्चचा रोष ओढवून घेतला. इसांडल्वानानंतर गोरी वसाहत सूडानं पेटलेली असताना, मार्च १८७९ मध्ये, त्यांनी आपल्या कॅथीड्रलमध्ये मीखा संदेष्ट्याच्या वचनावर प्रवचन केलं आणि समोर बसलेल्या गोऱ्यांना विचारलं की आपण झुलूंशी न्यायानं वागलो का? मित्र तुटले. फ्रिअरशीही बिनसलं. दोघांचं बायबल एकच होतं.

आता पुन्हा आपल्या नाशिककरांकडं. फ्रिअर टाउनमध्ये त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ते शिकलेले होते, इंग्रजी बोलत, बूट-कोट घालत, शाळेत शिकवत, कारागिरी करत. आणि तेच नव्या गोऱ्या मिशनऱ्यांना खुपू लागलं. हे लोक डोईजड झालेत, असा सूर निघाला. पगार, वागणूक, अधिकार यावरून कुरबुरी वाढल्या. १८८१ मध्ये तर बाहेर आलं की वसाहतीचा गोरा व्यवस्थापक स्ट्रीटर तिथल्या माणसांना फटक्यांची शिक्षा देतो. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या गावात चाबूक! झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीकडून चौकशी झाली, स्ट्रीटरला जावं लागलं आणि घडी बसवायला म्हाताऱ्या प्राइसना पुन्हा बोलावलं गेलं.

हे वाचताना मला अब्बा आठवले. गावात एक घर होतं, सुशिक्षित, सज्जन. दर ईदला त्या घरातून आम्हा भावंडांसाठी कपड्यांचं गाठोडं यायचं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. एका वर्षी अब्बांनी गादीमागं दोन रुपये वाढवून मागितले. त्या घरच्या माणसाला राग नाही आला, दुःख झालं. एवढं करतो तुमच्यासाठी, असं तो म्हणाला. अब्बा काही बोलले नाहीत. त्या ईदला गाठोडं आलं ते त्यांनी दारातूनच परत केलं आणि अम्मी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. अम्मीचंही चूक नव्हतं. आम्ही चार भावंडं होतो.

विल्यम जोन्सला हे सांगितलं असतं तर कळलं असतं, असं मला वाटतं. याव जमातीचा हा मुलगा, अनेक हातांतून विकला गेलेला, गलबतावरून सुटून नाशकात आलेला. १८६४ मध्ये त्याला, इश्माएल सेमलरला आणि जॉर्ज डेव्हिडला नाशकातून मोंबासाजवळच्या रबाई इथं पाठवलं होतं, फ्रिअर टाउन वसण्याच्या अकरा वर्षं आधी. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांचा खून झाला. मागे ठेवलेल्या टोळीला जोन्सनं शेकडो मैल चालवत परत आणलं. पूर्ण पाळकपद मात्र त्याला आणखी दहा वर्षांनी, १८९५ मध्ये मिळालं.

रबाईत जोन्सच्या आसऱ्याला पळून आलेले गुलाम येऊन राहू लागले. दहा नाहीत, वीस नाहीत, शेकड्यांनी. मिशनचा नियम होता की पळालेल्यांना ठेवून घ्यायचं नाही, मालकांशी वैर नको. नियम गोऱ्यांनी केलेला होता आणि दारात उभी राहणारी माणसं जोन्सच्या ओळखीची होती. चेहऱ्यानं नाही, हालानं. १८८८ मध्ये मोंबासाचे मालक खवळले, हल्ल्याची भाषा सुरू झाली. तेव्हा नुकत्याच आलेल्या ब्रिटिश कंपनीच्या मॅकेन्झीनं तडजोड केली: माणशी पंचवीस डॉलर मालकांना भरपाई. १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. पैसे मालकांना, कागद गुलामांना. तरी कागद होता.

त्याच १८८८ साली लंडनमध्ये टेम्सच्या काठी फ्रिअरचा पुतळा उभा राहिला. फ्रिअर चार वर्षांपूर्वी वारला होता.

लिव्हिंगस्टनचं प्रेत वाहून आणणाऱ्यांपैकी नाशकात शिकलेला मॅथ्यू वेलिंग्टन मात्र खूप जगला. तो १९३५ मध्ये मोंबासात वारला. इकडं काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षं सत्याग्रह करून, दया नव्हे तर हक्क मागून थकलेले लोक त्याच वर्षी येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा ऐकत होते. नाशिक जिल्ह्याच्या या दोन गोष्टी एका पुस्तकात मला अजून सापडलेल्या नाहीत.

शरणपुरात सेंट अँड्र्यूज चर्च आहे, ख्रिस्ती स्मशानभूमी आहे. रस्त्यावर दुकानं, दवाखाने, क्लासेस यांची इतकी गर्दी आहे की सायकल हातात धरून चालावं लागेल. आणि मोंबासात, फ्रिअर टाउनच्या चौकात, एक जुनी घंटा कमानीत टांगलेली आहे. गुलाम पकडणारे आले की ती वाजवत. तिच्यावरून त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी म्हणतात, घंटेपाशी. तिकडं नोकरीधंद्याला जाणारे नाशिककर आता कमी नाहीत. कुणी गेलंच तर तिथं जरा उतरावं आणि तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावं, की बरका नावाचं कुणी इथं राहतं का.